आधी इंजिन बंद करा

रणांगण बघायला जुनी लष्करी जीप कशाला लागते, असं मी आजवर अनेकांना विचारलं. सिव्हिलियन मित्रांना विचारलं, निवृत्त सहकाऱ्यांना विचारलं, सहली नेणाऱ्यांनाही विचारलं. थोड्याफार फरकाने उत्तर एकच मिळतं : "सर, फील येतो!"

कसला फील? आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. काहींना झोंबेल. झोंबू दे.

ईशान्येतल्या पोस्टिंगमध्ये कोहिमा आणि इंफाळच्या परिसरात मला भरपूर फिरता आलं, बरंचसं पायी. तिथे असताना पाहिलेल्या एका सहलीचं वेळापत्रक सांगतो. दिमापूरहून सकाळी निघायचं. गाडी म्हणजे युद्धकाळातली विलीज जीप, नवा हिरवा रंग मारलेली, बॉनेटवर पांढरा तारा. डोक्यावर भाड्याचं हेल्मेट, स्पीकरवर चाळीसच्या दशकातली इंग्रजी गाणी. कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत पाऊण तास, त्यातला अर्धा फोटोंचा. टेनिस कोर्टाच्या रेषांपाशी उभं राहून "इथे टेनिस कोर्टावर लढाई झाली" असं सांगायचं, मंडळींनी "बाप रे" म्हणायचं, आणि पुन्हा जीपमध्ये. गाडी कोणत्या साली बनली, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, गिअर कसे पडतात, सुटे भाग कुठे मिळतात, यावर मात्र तासभर चर्चा. साठ हॉर्सपॉवर, हे परतणाऱ्या प्रत्येकाला पाठ. कोहिमा का लढलं गेलं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

माझं भांडण जीपशी नाही. जीप मला आवडते. भांडण आहे ते गाडी नायक आणि लढाई तिच्या फोटोमागचा पडदा होते, त्याच्याशी. यातून नुसता इतिहास चुकतो असं नाही. जिथे रस्ता जात नाही तिथे मेलेली माणसं गोष्टीतून गळून पडतात. आणि ती बहुतांशी आपली माणसं आहेत.

थोडक्यात गोष्ट सांगतो. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुचीच्या जपानी १५व्या आर्मीच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदीच्या बाजूने भारतावर चालून आल्या. दोन इंफाळच्या दिशेने, तिसरी, म्हणजे जनरल सातोची ३१वी, कोहिमाच्या दिशेने. सातोच्या माणसांकडे जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा होता. पुढचं खाणं शत्रूच्या कोठारातून मिळवायचं, हाच हिशेब. ते कोठार म्हणजे दिमापूर : सुमारे अकरा मैल लांब आणि मैलभर रुंद पसरलेला साठा. दिमापूरहून इंफाळला जाणारा एकच रस्ता, आणि तो कोहिमाच्या खिंडीतून जातो. म्हणून कोहिमा.

आता त्या कड्यावरच्या टेकड्यांची नावं बघा. एफएसडी, म्हणजे फील्ड सप्लाय डेपो. डीआयएस, म्हणजे शिधा वाटपाचं कोठार. जीपीटी, म्हणजे वाहतूक कंपनीची जागा. जगातली एक मोठी लढाई शिध्याच्या गोदामांवर आणि गाड्यांच्या तळावर लढली गेली. लष्करात नव्याने आलेल्या मुलाला रसद म्हणजे काय हे शिकवायचं असेल, तर यापेक्षा चांगला फळा नाही.

इथे जीपचा खरा उपयोग आहे. तो कुणी करत नाही, हेच माझं दुखणं. विलीज जीप म्हणजे पाव टनी गाडी. वजन वाहण्याची अधिकृत क्षमता ८०० पौंड, म्हणजे साधारण ३६० किलो. कोहिमाच्या वेढ्यात लढणारी माणसं सुमारे दीड हजार होती. प्रत्येकाला दिवसाला फक्त दोन लिटर पाणी द्यायचं म्हटलं तर तीन हजार किलो होतात. म्हणजे नुसत्या पाण्यासाठी जीपच्या आठ-नऊ फेऱ्या. यात अन्न नाही, दारूगोळा नाही, जखमी नाहीत. हा हिशेब जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पर्यटकांकडून पाच मिनिटांत करून घेता येतो. मग पुढचं वाक्य सांगायचं : पाण्याचा पुरवठा वेढ्याच्या सुरुवातीलाच जपान्यांच्या हाती गेला, रस्ता तुटला, आणि या आठ-नऊ फेऱ्यांपैकी एकही होऊ शकली नाही. विमानातून टाकलेल्या पाण्याच्या डब्यांपैकी आणि दारूगोळ्यापैकी बराचसा माल शत्रूच्या हद्दीत पडत होता. उतारावर एक बारीक झरा होता, तिथे रात्री रांगत जाऊन पाणी आणायचं. जखमी उघड्या चरांत पडलेले, आणि तिथेच त्यांना दुसऱ्यांदा गोळ्या नि तुकडे लागत होते.

४ एप्रिलला हल्ला सुरू झाला आणि १८ एप्रिलला १/१ पंजाबचे जवान रणगाड्यांसह पोचले. मधल्या काळातलं कोहिमा रांगणाऱ्या, तहानलेल्या, झोप नसलेल्या माणसांचं होतं. आणि त्याचा "फील" आपण कशातून घेतो? गादीच्या सीटवर बसून, हातात पाण्याची बाटली धरून!

लढाई तिथेही संपली नाही. कडा पूर्ण हाती यायला मे उजाडला. टेनिस कोर्टाच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते, हातबॉम्ब फेकण्याच्या अंतरावर, आठवडेच्या आठवडे. शेवटी १३ मे रोजी एक रणगाडा वरच्या अंगाने कोर्टावर उतरवला आणि त्याने जवळून बंकर फोडले. कोहिमा–इंफाळ रस्ता २२ जूनला १०९व्या मैलाच्या दगडापाशी मोकळा झाला. २०१३ साली लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती यावर मत घेतलं, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी मागे पडले आणि इंफाळ–कोहिमा पहिलं आलं. आपल्याकडे ही बातमी किती जणांनी वाचली असेल?

आता मराठी वाचकांसाठी खास. संगशाक हे नाव ऐकलंय?

मणिपूरमध्ये, तांगखुल नागांच्या मुलखात, संगशाक हे डोंगरावरचं गाव आहे. मार्च १९४४ च्या चौथ्या आठवड्यात ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने इथे कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेला अडवलं. ब्रिगेडमध्ये १५२वी भारतीय आणि १५३वी गोरखा पॅराशूट बटालियन होती, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री. बेळगाव ज्यांचं माहेर, ती आपली माणसं. जमीन खडकाळ, खणायला जाल तर हात-दीड हातावर दगड. काटेरी तार नाही. टेकडीवर पाणी नाही. हवाई पुरवठ्यातला बराच माल शत्रूकडे. अशा जागी २२ ते २६ मार्च ही माणसं लढली. शेवटच्या दिवशी चर्चच्या आसपास हातघाई झाली आणि त्या रात्री उरलेल्यांना माघारीचा आदेश आला. ब्रिगेडने सुमारे सहाशे माणसं गमावली, मृत, जखमी आणि बेपत्ता धरून.

या चार-पाच दिवसांनी काय दिलं? एका मृत जपानी अधिकाऱ्याकडे नकाशा सापडला, आणि शत्रूची एक पूर्ण डिव्हिजन कोहिमाकडे निघाली आहे हे त्यातून कळलं. तो नकाशा वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोचवला गेला. आणि जपान्यांचे ते दिवस वाया गेले. कोहिमाला तेव्हा एक-एक दिवस मोलाचा होता. टेनिस कोर्टावरच्या पराक्रमाचं व्याज संगशाकच्या मुद्दलावर मिळालं आहे. तरी मी पाहिलेल्या एकाही जीप-सहलीत संगशाक नव्हतं. कारण विचारलं तर सांगितलं गेलं, "मुख्य रस्त्यापासून बाजूला पडतं, सर. आणि तिथे बघायला काय आहे?"

बघायला काय आहे! माझा सगळा राग या वाक्यात आहे. जिथे गाडी सुंदर दिसते ते रणांगण, आणि जिथे नुसती टेकडी, वारा आणि चर्च आहे ते "बघण्यासारखं नाही". सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची पोरं ज्या दगडावर मेली, तो दगड आपल्या नकाशावर नाही. इंग्रजांनी आपल्याला वगळलं अशी तक्रार आपण करतो. कोहिमाच्या स्मशानभूमीत तर १,४२० कबरींच्या वर, सगळ्यांत उंच जागी, अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. त्यांनी वर ठेवलं आहे. पायऱ्या चढायला आपल्याला वेळ नाही, कारण खाली जीप उभी आहे.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा : "जीपमुळे निदान तरुण मुलं येतात." येतात, मान्य. पण आणलेल्या माणसाला तुम्ही काय देता? देवळात प्रसादासाठी आलेल्या पोराला देवही दाखवावा लागतो. नुसता प्रसाद देऊन पाठवलं, तर पुढच्या वेळी ते मिठाईच्या दुकानात जाईल.

दुसरा मुद्दा : "स्थानिकांना रोजगार मिळतो." हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, आणि म्हणूनच राग येतो. १९४४ मध्ये नागा गावकऱ्यांनी जखमी वाहून नेले, ओझी वाहिली, वाटा दाखवल्या, शत्रूच्या बातम्या आणल्या. त्यांची घरं जळाली, शेतं तुडवली गेली. युद्ध त्यांनी मागितलं नव्हतं. आज त्यांची नातवंडं या सहलीत कुठे असतात? गाडी चालवायला किंवा जेवण बनवायला. गोष्ट सांगणारा मात्र बाहेरून आणलेला. आजोबांनी ज्या वाटेने स्ट्रेचर नेलं ती वाट नातवाने दाखवावी आणि त्याचे पैसे त्याला मिळावेत, याला मी रोजगार म्हणेन.

तिसरा मुद्दा : "नॉर्मंडीत सगळं जग हेच करतं." करतं खरं. दर जूनमध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर जुन्या जीपगाड्यांची रीघ लागते, भाड्यानेही मिळतात. पण तिथे जीप हजारोंनी उतरली होती, रस्त्यांवरून आणि शेतांमधून लढाईबरोबर पुढे गेली होती. शिवाय तिथे गावोगावी संग्रहालयं आहेत, फलक आहेत, शाळांच्या सहली आहेत. जीप हा तिथल्या ताटातला पापड आहे. आपण नुसता पापड वाढतो आहोत.

चौथा मुद्दा थेट माझ्यावर येतो : "तुम्ही फौजी लोकही गाड्यांतूनच रणभूमीच्या दौऱ्याला जाता ना?" जातो. पण कसं, ते सांगतो. या पद्धतीला स्टाफ राइड म्हणतात. प्रशियाच्या सैन्यात अधिकारी घोड्यावरून जायचे, म्हणून राइड. वाहन तेव्हाही होतं, पण नाव जरी राइड असलं तरी काम उतरल्यावर सुरू होतं. आधी आठवडाभर वाचन. प्रत्येकाला एक भूमिका : तू बटालियन कमांडर, तू शत्रूचा, तू रसदवाला. जमिनीवर गेल्यावर नकाशा उत्तरेला लावायचा आणि प्रश्न यायचा : "वेळ पहाटे चार. डाव्या कंपनीशी संपर्क तुटला आहे. तुझा आदेश काय?" गप्प बसायची सोय नाही. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न. संध्याकाळी चर्चा. यात गाडीचं मॉडेल कोणतं होतं हे कुणाला आठवतही नाही.

आणि गाडीचाच पराक्रम सांगायचा असेल तर खरा सांगा ना! इंफाळजवळच्या नुंगशिगुम टेकडीवर १३ एप्रिल १९४४ रोजी कॅराबिनियर्सचे रणगाडे १/१७ डोग्राच्या जवानांबरोबर चढले. धार इतकी अरुंद, की चालकाला वाट दाखवायला कमांडरांना झाकणातून डोकं बाहेर काढावं लागत होतं. त्यात हल्ल्यातला प्रत्येक ब्रिटिश अधिकारी मेला किंवा जखमी झाला. पुढची लढाई डोग्रांच्या सुभेदार रणबीर सिंग यांनी आणि रणगाड्यांच्या सार्जंट मेजर क्रॅडॉक यांनी चालवली, आणि टेकडी घेतली.

जीपचा पराक्रम हवा असेल तर ईशान्य सोडून पंजाबात या. खेमकरणजवळ असल उत्तर, सप्टेंबर १९६५. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे टिपत होते. ही तोफ डागली की मागून आगीचा आणि धुळीचा लोट निघतो. कुठून गोळा आला हे शत्रूला लगेच कळतं. म्हणून एक गोळा टाकायचा आणि जागा बदलायची. जीपला चिलखत नाही. तिचा पत्रा रायफलची गोळीही अडवत नाही. समोर पोलादाचा डोंगर, आणि तुम्ही उघड्यावर बसलेले. १० सप्टेंबरला अशीच जागा बदलता बदलता त्यांच्यावर थेट मारा झाला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. पर्यटकाला जीपमध्ये बसवून एवढं एकच सांगा : "दार नाही, छत नाही, पत्रा पातळ आहे, समोर रणगाडा आहे. आता बोल." तो दहा मिनिटं गप्प बसेल. हा खरा फील.

हे सगळं आत्ताच का लिहितो आहे? कारण ही वेळ पद्धत ठरण्याची आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘भारत रणभूमी दर्शन’ हे संकेतस्थळ सुरू झालं आणि सीमेवरच्या रणभूमी सामान्य माणसाला खुल्या करण्याचं धोरण पुढे आलं. ही फार चांगली गोष्ट आहे. आम्ही नोकरीतली उमेदीची वर्षं ज्या जागांवर काढली, त्या देशाने बघाव्यात असं मलाही वाटतं. पण आता जी सवय लागेल ती पन्नास वर्षं टिकेल. उद्या कुणीतरी जबलपूरच्या कारखान्यातली जुनी जोंगा रंगवून रेझांग लाची सहल काढेल. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तिथे मेजर शैतान सिंग यांच्या कंपनीतले १२० जण उभे राहिले आणि त्यांतले बहुतेक तिथेच पडले. बर्फ वितळल्यावर ते मोर्च्यातच, हत्यारांसह सापडले. तिथेही आपण हॉर्न वाजवत जाणार आहोत का?

खडकवासल्याच्या आमच्या प्रबोधिनीची पायाभरणी कशातून झाली, हे अनेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानकडून देणगी आली होती. तिचा उपयोग नुसता खांब उभारण्यासाठी न करता अधिकारी घडवणारी संस्था उभारण्यासाठी झाला. सुदान ब्लॉकचं नाव त्याची आठवण ठेवतं. स्मारक असंही असतं : तिथून माणूस काहीतरी शिकून बाहेर पडतो.

म्हणून सहली नेणाऱ्यांना आणि जाणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे :

१. जीप जरूर घ्या. ती डोंगराच्या पायथ्याशी उभी करा आणि इंजिन बंद करा. तिथून वर किमान दोन तास पायी, पाठीवर वजन घेऊन.

२. निघण्याआधी प्रत्येकाने एक नकाशा आणि त्या लढाईवरची दहा पानं वाचलेली असावीत. "वेळ नाही" म्हणणाऱ्याने गोव्याला जावं, तिथे समुद्र छान आहे.

३. पहिलं बोलणं गावातल्या माणसाचं. लष्कराची बाजू नंतर.

४. जीपवर पाण्याचे डबे आणि एक स्ट्रेचर चढवून दाखवा. किती मावतं आणि किती उरतं, ते लोकांना मोजू द्या.

५. हेल्मेट, वर्दी, खोट्या बंदुका घरी ठेवा. वर्दी हा भाड्याने आणायचा पोशाख नाही.

६. जमिनीत काही सापडलं तर हात लावू नका, खिशात घालू नका. त्या डोंगरांत आजही न फुटलेले गोळे निघतात. गावकऱ्यांना आणि पोलिसांना कळवा.

७. कोहिमाला गेलात तर वरच्या पायऱ्या चढा आणि ९१७ पैकी निदान दहा नावं मोठ्याने वाचा. मराठी असाल तर इंफाळहून एक दिवस काढून संगशाकला जा.

यातलं एकही काम खर्चाचं नाही. वाट बघत उभी राहिलेली जीपसुद्धा कुठे पळून जात नाही.

आणि संगशाकला जाल तेव्हा गावात विचारा, चर्चची टेकडी कोणती. कुणीतरी पोरगं दाखवायला येईल. त्याच्या मागून चढा. वर गेल्यावर बुटाच्या टाचेने जमीन थोडी उकरून बघा, किती खोल जाता येतं ते. मग जो फील येईल, तो मला जरूर कळवा.

जय हिंद.